पाण्याखालचा बांध

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १२, ओव्या १३ ते २१



ह्या पाठांत एक मनुष्य समुदायांतून पुढें येतो आणि प्रभूला विनंति करितो कीं, माझ्या भावाला सांगून वडिलार्जित मिळकतीचा माझा वांटा मला मिळवून द्यावा. त्याचें नांव शुभवर्तमानकारानें दिलें नाहीं, भावाचेंही नाहीं. शेत होतें कीं घर, मळा होता कीं मेंढरांचा कळप, हेंही आपणांस कळत नाहीं. सर्वांत नवल हें कीं, त्या दोघांत खरा कोण व खोटा कोण हेंसुद्धां कळत नाहीं. कारण प्रभूनें निवाडा करण्याचेंच नाकारिलें. आपण उपदेशक लोक ह्या पहिल्या ओव्या घाईनें ओलांडतों आणि कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या त्या श्रीमंत मूर्खाकडे वळतों. तसा श्रीमंत आपल्या खेड्यांतील मंडळींत सहसा नसतो, म्हणून त्याच्यावर बोलणें सोपें जातें. वांटा मागणारा मात्र पुढच्या सतरंजीवरच बसलेला असतो. कित्येकदां तो व्यासपीठावर उभा असतो. हें मी अनुभवानें लिहीत आहें.

आमचें गांव सांगली जिल्ह्यांत, कृष्णेच्या कांठीं. वडिलांनीं घेतलेलें दोन एकर शेत आम्हां दोघां भावांत निम्में निम्में वांटलें गेलें आणि मधें बांध घातला. पुष्कळ वर्षें तो बांध सुखानें नांदला. त्यावर आईनें लावलेलीं शेवग्याचीं दोन झाडें होतीं. शेंगा दोन्हीं घरीं जात. मग २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पूर ओसरला तेव्हां शेतांत बांध नव्हता, झाडें नव्हतीं, खुणेचे दगडही नव्हते. होता तो एकसारखा काळा गाळ. दादांनीं आपल्या अंदाजानें दोरी धरिली, मीं माझ्या अंदाजानें धरिली. दोन दोऱ्यांमध्यें हात-दीड हात रुंदीची पट्टी उरली. तींत उसाची एक सरी बसते, आणि तीही धड बसत नाहीं. तिच्यापायीं आम्ही दोन वकील केले, तारखा घेतल्या, आणि पांच वर्षांहून अधिक काळ एकमेकांशीं बोललों नाहीं.

शास्त्राचें ज्ञान आम्हांला कमी होतें असें नव्हे. अब्राहाम वडील असूनही त्यानें लोटाला आधीं निवड करूं दिली, ही कथा मी दादांविरुद्ध वापरीत असें. ते वडील आहेत ना! आणि याकोब धाकटा असून त्यानें वडील भावाचा हक्क कसा लुबाडला, ही कथा ते माझ्याविरुद्ध वापरीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून दोन्हीं उत्तरें दोन्हीं घरीं पोंचत असत. अशा रीतीनें उत्पत्तीचें पुस्तक आमच्या वकिलांच्या कागदांत सामील झालें होतें.

वेदीपाशीं अर्पण आणिलें असतां भावाची आठवण झाली तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत आहे. प्रभुभोजनाच्या रविवारीं मी भाकर मोडीत असें, आणि दादा मागच्या दारापाशीं उभे राहून, प्याला त्यांच्यापर्यंत येण्यापूर्वीं निघून जात. मंडळी हें पाहत होती. कोणी मला बोललें नाहीं. उपदेशकाला कोण बोलणार?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आईनें हट्ट धरिला कीं, मला कोयनेचें पाणी दाखवा. ती ऐंशीच्या घरांत आहे. तिनें आजवर कधीं कांहीं मागितलें नव्हतें, म्हणून हें मागणें कोणाला मोडवेना. वडील तरुणपणीं कोयना धरणाच्या कामावर मजूर होते. तुला एकदां नेऊन दाखवीन असें ते तिला म्हणत, आणि तें राहून गेलें. ती म्हणाली, "एकाच गाडीनें जाऊं. दोन गाड्यांचें भाडें कशाला?" प्रश्न भाड्याचा नव्हता हें आम्हांस तेव्हांच कळलें, परंतु आईपुढें दोघेही गप्प राहिलों.

येथें एका शंकेचें निरसन करितों. सेवकानें तंबू घेऊन तळ्याकांठीं जावें, होडींत फिरावें, हें आपल्या कांहीं वडीलधाऱ्यांस रुचत नाहीं. ती श्रीमंतांची चैन, असें ते म्हणतात. त्यांनीं मार्काचें शुभवर्तमान पुन्हां एकदां सावकाश वाचावें. शिष्य जेवायलाही सवड न मिळण्याइतके थकले, तेव्हां प्रभूनें त्यांना होडींतून एकांतांत विसाव्यासाठीं नेलें. तो स्वतः होडीच्या मागल्या भागीं उशीवर झोंपला. विसावा घेणें हें पाप नव्हे. विसाव्याच्या जागींही आपण आपला तंटा बरोबर नेतों, ही गोष्ट मात्र वेगळी.

आम्ही नऊ जण एका गाडींत निघालों. दादा पुढें चालकाजवळ, मी सर्वांच्या मागें. मधें आई, दोघी जावा आणि चार मुलें. कऱ्हाडास पोंचल्यावर आईनें प्रीतिसंगमावर गाडी थांबवायला लाविली. वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें स्थळ पाहिलें असेल. कृष्णा आणि कोयना ह्या दोन्हीं नद्या महाबळेश्वरच्या एकाच डोंगरांत उगम पावतात. पुढें त्या वेगळ्या खोऱ्यांनीं जातात, आणि कऱ्हाडास अगदीं समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात. आई बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "एका घरच्याच आहेत नाहीं ह्या?" दादांनीं चालकाला उशीर होत असल्याचें सांगितलें. मी चप्पल झटकूं लागलों.

संगमाखालीं मे महिन्यांतही कृष्णेला पाणी दिसतें, त्याचें कारण कोयनेचें धरण. पावसाळ्यांतलें पाणी तेथें अडवून उन्हाळ्यांत नदींत सोडितात. ताकारी व टेंभू ह्या उपसा योजना तेंच पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात, आणि आमच्या कांठावरच्या उसालाही तेंच मिळतें. हें मला ठाऊक होतें. पण त्या दिवसापर्यंत त्याचा मीं कधीं विचार केला नव्हता.

साताऱ्याहून कासच्या रस्त्यानें वर चढलों. कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें तें भाद्रपदांतल्या फुलांमुळें. वैशाखांत तेथें तापलेला जांभा दगड आणि वाळलेलें गवत यांपलीकडे कांहीं नव्हतें. मुलें हिरमुसलीं. पठार ओलांडून रस्ता उतरूं लागला, आणि एका वळणावर खालीं तळें दिसलें. कोणी "पाणी!" असें ओरडलें. आई मात्र गप्प झाली.

त्याला शिवसागर म्हणतात. धरण तेथून बरेंच दूर, दक्षिणेस पाटण तालुक्यांत आहे. पण त्यानें अडविलेलें पाणी डोंगरांच्या प्रत्येक घळींत शिरत सुमारें ५० किलोमीटर मागें, पार तापोळ्यापर्यंत पसरलें आहे. धरण १९६४ सालीं पुरें झालें. त्याची उंची १०३ मीटर असून आज त्यांत १०५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावतें. त्यांतलें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटाखालून पश्चिमेस पोफळीकडे नेऊन त्यावर वीज करितात. ती १९६२ पासून निघत आहे. आपल्या उपासनामंदिरांतील दिवा लागतो त्यांत ह्या पाण्याचा वांटा आहे.

बामणोलीजवळ कांठावर तंबू भाड्यानें मिळतात. आम्ही तीन घेतले: एक दादांच्या घरचा, एक आमचा, एक आई व मुलींचा. दादांनीं आपला तंबू एका आंब्याखालीं ठोकविला, मीं माझा त्याच्याकडे पाठ करून. चुलीवर भाकरी, पिठलें आणि खर्डा झाला. दोघी जावा एकाच परातींत पीठ मळीत होत्या. त्यांच्यांत कधीं तंटा नव्हताच, आमच्या भीतीनें त्या अबोल झाल्या होत्या. मुलांनीं तर पहिल्या घटकेंतच सर्व सीमा पुसून टाकिल्या. रात्रीं आकाशांत इतकीं नक्षत्रें होतीं कीं, माझ्या धाकट्या मुलीनें विचारिलें, "हीं आपल्या गांवीं कां नसतात?" मी प्रार्थना केली. "आमेन" म्हणतांना दादांचा आवाज आला नाहीं. मीं कान देऊन ऐकलें होतें, ही माझीच लाज.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वजण इंजिनाच्या होडींतून फिरून आलों. होडींत पाय ठेवण्याआधीं नावाड्यानें प्रत्येकाच्या अंगांत लाइफ जॅकेट घातलें. माझा मुलगा उकडतें म्हणून तें काढूं लागला, तेव्हां आई त्याच्यावर अशी ओरडली कीं सर्व दचकले. त्याच महापुरांत ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी होडी उलटली आणि पुष्कळ जीव गेले. आमच्या कृष्णाकांठीं त्या दिवसापासून होडी म्हटलें कीं आयाबायांच्या पोटांत गोळा येतो. तरीही आई होडींत बसली. पलीकडच्या कांठावर वासोट्याचा डोंगर आणि दाट रान दिसत होतें. तें कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत मोडतें, आणि परवानगीवांचून तेथें उतरतां येत नाहीं. तळें अगदीं शांत होतें. आईनें हात खालीं सोडून पाण्याला लाविला आणि तो डोळ्यांना लाविला. अशी रीत आपल्या लोकांत नाहीं. पण मीं तिला कांहीं म्हटलें नाहीं.

दुपारीं तिनें मला हांक मारिली. नावाडी तळ्याच्या एका फाट्यापलीकडच्या वाडीवर दूध आणायला निघाला आहे, तूं सोबत जा, असें म्हणाली. मी होडींत उतरलों तों दादा आधींच बसलेले! त्यांनाही तिनें वेगळें बोलावून तेंच सांगितलें होतें. दोघेही परत फिरलों असतों. पण नावाड्यानें दोर सोडला होता. तो म्हणाला, "दोघे एका बाजूला बसूं नका, होडी कलते." ही सूचना पाळणें आम्हांस मुळींच जड गेलें नाहीं.

जातांना कांहीं झालें नाहीं. दूध घेऊन परत निघालों तेव्हां पश्चिमेकडे डोंगरावर आभाळ काळें झालें होतें. वैशाखांतला वळीव कसा येतो हें शेतकऱ्याला सांगावयास नको. पण तो शेतांत पाहणें वेगळें आणि पाण्यावर पाहणें वेगळें. आधीं वारा पडला. मग डोंगरावरून एक थंड झोत आला, आणि पाहतां पाहतां त्या गुळगुळीत पाण्याला दांत फुटले. नावाडी ओरडला, "खालीं बसा, मध्यभागीं, तळाशीं बसा!" त्यानें होडीचें तोंड लाटांकडे वळविलें, लाट बाजूनें लागूं द्यायची नसते. दादा व मी होडीच्या तळांत गुडघ्याला गुडघा लावून बसलों. दुधाची किटली कलंडली. पाऊस इतका आडवा आला कीं डोळे उघडतां येईनात.

बंधूंनो, गालीलच्या वादळावर मीं किती वेळां उपदेश केला असेल! शिष्य भ्याले तें त्यांच्या अल्पविश्वासामुळें, असें मी मोठ्या धीरानें सांगत असें. त्या घटकेला माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघेना. मुलें डोळ्यांपुढें आलीं, आई आली. दाव्याचा क्रमांक मला पाठ आहे. तो मात्र आठवला नाहीं. इतक्यांत कोणी माझ्या छातीशीं ओढल्यासारखें झालें. माझ्या जाकिटाचा पट्टा सैल होता, आणि दादा तो दोन्हीं हातांनीं ओढून घट्ट करीत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पट्टा बसला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं एक हिसका दिला, लहानपणीं शाळेंत जातांना माझ्या दप्तराला देत तसा.

नावाड्यानें होडी एका घळींत घातली आणि आम्ही चिखलांत उतरलों. उन्हाळ्यांत तळ्याचें पाणी पुष्कळ खालीं जातें, आणि कांठाची बुडालेली जमीन उघडी पडते. भेगाळलेली, करड्या रंगाची, एक झाड नसलेली. तेथें एका कडेखालीं आम्ही उभे राहिलों. पाऊस थोडा ओसरला तेव्हां समोर चिखलांत दगडांची एक ओळ दिसली. कोणी मुद्दाम रचलेली, सरळ पाण्यांत उतरत गेलेली.

दादांनीं विचारिलें, "हें काय?"

नावाडी हंसला. म्हणाला, "पाव्हणे, हा आमचा वाद. पाणी उतरलें कीं महिनाभर वर येतो, मग पुन्हां बुडतो."

मग त्यानें सांगितलें. ती त्याच्या आजोबांचीं भातखाचरें होतीं. आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचा त्या बांधावरून तंटा होता. बांध कोणीतरी सरकविला असें दोघेही म्हणत. दावा चालू असतांना धरणाचें पाणी येणार, गांव सोडा, असा हुकूम आला. धाकटे आजोबा आपला संसार गाडींत भरून दूरच्या जिल्ह्यांत दिलेल्या जमिनीवर गेले. थोरले आजोबा डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले. निघायच्या दिवशीं थोरले घराबाहेर आले नाहींत, आणि धाकट्यानें हांक मारिली नाहीं. पुढें दोघांची भेट झाली नाहीं. "मरतांना आजोबा भावाचें नांव घेत होते," नावाडी म्हणाला. "त्या पट्टीची भरपाई किती आली, कोणाला मिळाली, तें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं."

आमचा तंटा त्या माणसाला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर तो बोलला नसता. भला मनुष्य होता.

दादा चिखलांतून त्या ओळीपर्यंत गेले. शेतकऱ्याची खोड, त्यांनीं वांकून वितीनें तिची रुंदी मोजिली. मग दुसऱ्यांदां मोजिली. मीं जवळ जाऊन विचारिलें, "किती?" तो मीं त्यांच्याशीं बोललेला पांच वर्षांतला पहिला शब्द. ते म्हणाले, "तेवढाच."

मला त्याच क्षणीं त्या दगडांवरून एक उपदेश सुचला, हेंही येथें कबूल करितों. शास्त्रपाठ, मुद्दे, दाखला, सर्व मनांत तयार झालें. आपणां बोलणाऱ्या लोकांवर हें मोठें संकट आहे. देव आपल्याशीं बोलतो, आणि आपण तें दुसऱ्यांना कसें सांगावें ह्याची जुळवाजुळव करूं लागतों. दादा त्या बांधावर नुसते उभे राहिले. त्यांनीं माझ्याहून चांगलें ऐकलें असें मला वाटतें.

परत आलों तों अंधार पडला होता. आई कांठावर पावसांत विजेरी घेऊन उभी होती. तिला तंबूंत कोणी नेऊं शकलें नव्हतें. तिनें आधीं दादांचें तोंड चांचपलें, मग माझें, आणि मग ती खालीं बसली. आम्हां दोघांना जवळ आणण्यासाठीं तिनें आम्हांस त्या होडींत धाडिलें होतें, आणि वादळाची ती घटका तिनें कशी काढिली असेल हें देवालाच ठाऊक. वाऱ्यानें आंब्याखालचा तंबू फाटला होता, माझ्या तंबूच्या मेखा उपटल्या होत्या. आईचा तेवढा उभा होता. नऊ माणसें त्या एका तंबूंत दाटीवाटीनें निजलीं. दादा एका कडेला, मी त्यांच्या शेजारीं. दुसरी जागाच नव्हती.

त्या अंधारांत आईनें जें सांगितलें तें आम्हां दोघांस ठाऊक नव्हतें. आमचें दोन एकर शेत वडिलांनीं कोयनेच्या मजुरीच्या पैशांतून घेतलें होतें, इतकें आम्ही जाणत होतों. पण धरणाचें काम चालू असतां, खोऱ्यांतले लोक घराचे वासे आणि दारें गाड्यांत घालून जातांना वडिलांनीं पाहिले होते. शेताचा कागद झाला त्या दिवशीं ते घरीं आले आणि जेवले नाहींत. म्हणाले, "तिकडे कोणाचें तरी शेत गेलें, म्हणून मला हें शेत मिळालें." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें मेलीं, तेव्हांही ते असेच दोन दिवस मुके झाले होते. आमच्या लहानपणीं दर सुगीला ते पहिल्या शाळूची एक पाटी मंडळींत आणून ठेवीत आणि ती परगांवाहून आलेल्या, जमीन नसलेल्या कोणाला तरी देवविली जाई. आम्ही तिला "कोयनेची पाटी" म्हणत असूं, आणि तें केवळ पाटीचें नांव आहे असें समजत असूं. वडील वारल्यावर ती पाटी बंद पडली. दादांना वाटलें मी देईन, मला वाटलें दादा देतील. आणि पुढें तर शेत कोणाचें किती हेंच ठरेना.

आई म्हणाली, "त्यांना कधीं वाटलें नाहीं कीं तें शेत सगळें आपलें आहे." इतकें बोलून ती झोंपी गेली.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. प्रभूनें त्या मनुष्याचा निवाडा कां केला नाहीं? त्याला न्याय प्रिय नव्हता असें कोण म्हणेल? ज्याची जमीन बळजबरीनें घेतली त्यानें दाद मागूं नये, असा ह्या ओव्यांचा अर्थ करून गरिबाचें तोंड बंद करणारे लोक आहेत. त्यांचें ऐकूं नका. कोयनेच्या विस्थापितांपैकीं कित्येक कुटुंबें दोन दोन पिढ्या आपल्या हक्काच्या जमिनीसाठीं झगडत राहिलीं. त्यांचें मागणें हा लोभ नव्हे. परंतु जो मनुष्य प्रभूपुढें आला तो भावाला गमावून वांटा मागत होता, आणि प्रभूनें पाहिलें कीं निवाडा कसाही दिला तरी ह्यांतला एकजण जिंकेल आणि भाऊ दोघांचाही जाईल. म्हणून त्यानें पट्टी मोजली नाहीं. त्यानें लोभाविषयीं सावध केलें, आणि तें एकट्या त्या मनुष्याला नव्हे, ऐकणाऱ्या सर्वांना केलें. पुढच्या दाखल्यांतला श्रीमंत पाहा: तो सारा वेळ माझें पीक, माझीं कोठारें, माझा जीव असें बोलतो. त्याच्या तोंडीं दुसऱ्या माणसाचें नांवही नाहीं. बियाणें कोणी दिलें, पाणी कोठून आलें, कोणाच्या जमिनीवरून आलें, हें त्याला आठवत नाहीं. प्रभु त्याला मूर्ख म्हणतो तें त्याला हिशेब येत नाहीं म्हणून नव्हे. त्याच्या हिशेबांत देणें कोठेंच मांडलेलें नाहीं म्हणून.

माझ्या उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींत प्रभुभोजनाच्या रविवारीं दाराजवळ कोण उभें राहतें तें आपणांस ठाऊक असतें. त्याच्याकडे जाऊन शास्त्र सांगूं नका. शास्त्र त्याला येतें. जमलें तर त्याच्या शेताच्या कडेला जाऊन बसा. आणि दाराजवळ उभा राहणारा जर आपलाच भाऊ असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहूं नका. मीं पांच वर्षें पाहिली.

इतकें वाचल्यावर आमचा तंटा मिटला असेल असें कोणास वाटेल. तो मिटलेला नाहीं. दावा अद्याप उभा आहे. वकिलांचे पैसे देणें आहे, आणि पट्टी नक्की कोणाची याविषयीं माझें मत तेंच आहे, दादांचेंही तेंच आहे. मागच्या तारखेला मात्र आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवरून गेलों. दादा चालवीत होते. कोर्टाच्या दारांत दोन्हीं वकील चहा पीत उभे होते. आम्हांस तसें उतरतांना पाहून त्यांनीं आपापले पेले खालीं ठेविले. पुढची तारीख मागून घेतली आणि त्याच गाडीवरून परत आलों. वाटेंत पेट्रोलाचे पैसे कोणी द्यावयाचे यावरून थोडी बोलाचाली झाली. पांच वर्षांनंतर तीही गोड लागली.

ह्या सुगीला कोयनेची पाटी पुन्हां द्यावयाची असें ठरलें आहे. जुनी पाटी माळ्यावर सांपडली, पण तिला वाळवी लागून बूड गेलें होतें, म्हणून दादांनीं नवी विणावयास दिली. ती कोणत्या मापाची असावी यावरून घोळ आहे. जुन्या पाटींत दोन पायल्या बसत असत असें दादा म्हणतात. दीड बसत असे असें मला पक्कें आठवतें. दोघेही आईकडे गेलों. तिनें दोघांचें ऐकून घेतलें, सुपांतले खडे वेंचले, आणि कांहीं एक निकाल दिला नाहीं.